मनात मोजा

३ सप्टेंबर, बुधवार

पहिला आला तो धोंडप्पा! माझ्या तोंडात अजून मिश्री, आणि हा दारात उभा. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, मागं सून जगदेवी. कोर्ट अकरा वाजता उघडतं, हा उजाडतानाच भालकीत! जगदेवी म्हणली, "काय करावं आजी, बस चुकंल म्हणून मामा रातभर बसूनच हायत."

संध्या केस विंचरत बाहेर आली. माझी नात, घरातली पहिली वकील. हे मी गल्लीत रोज सांगते. आता गल्ली मला बघून आत जाते!

धोंडप्पाची वाडी नव्या तळ्यात बुडाली. बदली जागा मिळाली फक्त चार घरांना. बाकीची सगळी रस्त्याच्या कडेला पत्र्याखाली राहायलेत, आणि आता तिथूनही उठा म्हणून नोटीस आलीय. त्यांची केस संध्या लढायली. फी म्हणून काल लोकरीचा एक गोळा आला. मी उशीत भरला. मऊ आहे.

४ सप्टेंबर

चारच घरं कामून, ते आज कळलं. बुडायच्या आधी सर्वेवाले आले तेव्हा सगळी माणसं मेंढरं घेऊन लांब चारणीला. घरांना कड्या. वाडीत एकटा धोंडप्पा. साहेबानं लिंबाखाली बसूनच विचारलं, "किती घरं?" हा म्हणला, "हायत की चार-दोन." त्यानं लिहिलं चार. चहा पिऊन गेला!

धोंडप्पा खोटं बोलला नाही. धनगराच्या घरी मेंढरं मोजत नाहीत, लेकरं मोजत नाहीत. आकडा तोंडातून निघाला की दृष्ट लागती. मला पटलं. मीही टोपल्यातल्या भाकरी मोजत नाही. तर संध्या म्हणते, "आजी, बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून दृष्ट मानायलीस?"

मी म्हणले, "भाकरीला काय ठावं मी कोण हाय ते!"

हसली. मग खरी अडचण सांगितली. कोर्टानं नेमलेला एक साहेब पत्र्यांजवळ येऊन धोंडप्पाला तोंडी विचारणार आहे. तो पुन्हा 'चार-दोन' म्हणला तर संपलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज घरीच तालीम. संध्या साहेब झाली, खुर्चीत बसली.

"किती घरं?"

"हायत की."

"आप्पा, आकडा सांगा."

धोंडप्पा पंख्याकडं बघायला लागला. जगदेवी रडकुंडीला. "मामा, पोरगी मोठी व्हायली माझी. रस्त्यावर न्हाणं करायलाव आमी! बोला की!"

म्हातारा घामानं भिजला. "बोललो आन् कुणाला काय झालं तर? आधीच येकदा माझ्या तोंडानं समद्यांचं वाटोळं झालंय."

मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं केला.

१३ सप्टेंबर

पाऊस. संध्या चिडलेली. भजी केली. तरी चिडलेली.

१४ सप्टेंबर, रविवार

काय झालं काय! धोंडप्पा बाजाराला आला होता, जाताना डोकावला. मी म्हणले, रिकाम्या हातानं जाऊ नका, ज्वारीची भाकर आणि शेंगाची चटणी बांधून देते. कुणाकुणाला पोचवायची?

झालं, सुरू! "पहिलं मारोतीचं. त्याच्या आईला दात न्हाईत, मऊ द्या. त्याच्या बाजूला सिद्धराम, त्याच्या घरी पाव्हणं आलेत. मग आमचा पोरगा मल्लेश आन् जगदेवी. मग तुळजा, येकटीच ऱ्हाती, पर खाती दोघांचं..." घरामागून घर! कुत्र्यांची नावंसुद्धा!

पीठ संपलं, त्याची घरं संपेनात. वळून बघते तर संध्या दारात, तोंडावर हात धरून उभी. हसायली का रडायली, कळेना. "आप्पा, मोजू नका. साहेबाला असंच सांगा."

२० सप्टेंबर, शनिवार

मीही गेले! संध्या नको म्हणत होती. पण भाकरीचं टोपलं कोण धरणार?

साहेब कलबुर्गीचा, कानडी. चिखलातून बूट सांभाळत आला. संध्या म्हणली, साहेब, किती ते विचारू नका. कोणाकोणाच्या घरी भाकर पोचवायची ते विचारा. सरकारी वकील उसळला, "हे काय लग्नाचं आमंत्रण आहे?" साहेब हसला. "हेळप्पा," म्हणला. सांग बाबा.

धोंडप्पा पुढं चालला. एकेका पत्र्यापुढं थांबायचा, नाव घ्यायचा, बुडालेल्या वाडीत त्याचं दार कुठल्या तोंडाला होतं ते सांगायचा. आतून माणूस यायचं. मी भाकर द्यायची. साहेबाचा कारकून बोटं दुमडत मोठ्यानं कानडीत मोजायला लागला, "ओंदु, एरडु..." तसा धोंडप्पा गरकन वळला. काठी उचलून म्हणला, "ए बाबा! मनात मोज!"

सगळे हसले. सरकारी वकिलानं तर दोन भाकरी खाल्ल्या. (ह्याच्या मोजल्या मी!)

२ डिसेंबर, मंगळवार

निकाल लागला! सगळी घरं धरली. सगळ्यांना जागा. संध्या कोर्टातून फोनवर एवढंच म्हणली, "आजी, सगळे," आणि फोन ठेवला. मी गल्लीत सांगायला गेले. आज कुणी आत गेलं नाही.

४ डिसेंबर

धोंडप्पा आला, एकटा. म्हणला, "अक्का, येळवशीच्या अवसेला आमी समदे जेवाया येताव तुमच्या तुरीच्या रानात. भज्जी-आंबील तुमचं, दूध आमचं."

आनंदात माझी जीभ घसरली. "किती जण?" विचारून बसले! लगेच तोंडावर हात.

म्हातारा उंबऱ्यावर थांबला. मग साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा म्हणला, "एकोणचाळीस!"

पायरी उतरला. परत वळला.

"तुमी दोघी धरून एकेचाळीस."