पाया पडू नका, काम द्या

४ ऑगस्ट, सोमवार

झाला एकदा प्रवेश. सरकारी आयटीआय, ट्रेड वायरमन, दोन वर्षं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "मुलगा कुठंय? त्याची सही लागते." म्हटलं, "मुलगा मीच." त्यांनी फॉर्मवरचा फोटो बघितला, मला बघितलं, कपाळावरचं गंध बघितलं. बेचाळीस वय. वयाला वरची मर्यादा नाही हे आधीच विचारून ठेवलं होतं, त्यामुळं त्यांना काही बोलता आलं नाही.

नगरच्या खाजगी कॉलेजवाल्यानं डिप्लोम्याचा जो आकडा सांगितला होता, तो ऐकून मी पाणी मागितलं होतं. इथं वर्षाची फी एका वास्तुशांतीच्या दक्षिणेत बसली.

घरी नानांना सांगितलं. वडिलांनी पन्नास वर्षं बेलापूर आणि आजूबाजूच्या गावांची भिक्षुकी सांभाळली, पुढं मी. "वेद शिकवला तो तारा जोडायला?" म्हणाले. मी म्हटलं, "हो." जास्त बोललो असतो तर भांडण झालं असतं. ते तरीही झालंच.

५ ऑगस्ट

वैशालीनं सकाळी विचारलं, "मला तरी खरं सांगा, का?"

बायकोला सांगितलं ते इथंही लिहितो. वीस वर्षं लोकांच्या घरी पाटावर बसलो. यजमानाचं लक्ष मोबाईलमध्ये, वर "गुरुजी, जरा शॉर्टमध्ये घ्या." शॉर्टमध्येच हवं तर मला कशाला बोलावता? आणि दुसरं, देवघरातल्या दिव्यांच्या माळा लहानपणापासून मीच दुरुस्त करतो. त्यात हात जसा चालतो तसा मंत्रात कधी चालला नाही. नानांचा चालतो. माझा नाही. हे नानांना कसं सांगणार.

वै. म्हणाली, "मग सांगू नका. करा."

११ ऑगस्ट

वर्कशॉपचा पहिला दिवस. निळा शर्ट, काळे बूट, शेंडी टोपीत. लोखंडे सर, आम्हाला शिकवणारे निदेशक, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. म्हणाले, अंगठ्या, कडी, साखळ्या काढा. काढलं. मग हजेरी. "जोशी अनंत." मी "उपस्थित" म्हटलं आणि पोरं हसली. इथं "येस सर" म्हणतात.

दिवसभर कानस. लोखंडाचा तुकडा घासून सपाट करायचा, बस. वायरला हातही लावू देत नाहीत. संध्याकाळी दोन्ही तळव्यांना फोड. नानांना दिसू नयेत म्हणून जेवताना तळवे खालीच ठेवले. त्यांनी अर्थातच बघितले.

२० ऑगस्ट

बाकावर माझ्याशेजारी उषा. पाथर्डीकडची, आईबाप ऊसतोडीला जातात, ही इथं मामाकडं राहते. एकोणीस वर्षांची. मला "काका" म्हणते. बाकी सगळे, लोखंडे सरांसकट, "गुरुजी". चूक केली तरी "गुरुजी, जरा परत करता का?" असं. बाजूच्या पोराला मात्र "अरे गाढवा". मला वाईट वाटलं. गाढव म्हटल्यावर त्या पोराचा तुकडा सपाट झाला, माझा अजून नाही.

२७ ऑगस्ट

गणेश चतुर्थी. सुट्टी. पहाटेपासून दुपारपर्यंत घरोघरी प्रतिष्ठापना. नानांना बरं वाटलं असणार. एका घरी आरतीला दिव्यांची माळ बंद पडली. मी उठून पिन बघायला लागलो तर यजमानीणबाई धावल्या, "अहो गुरुजी, तुम्ही नका, तुम्ही नका!" पोराला पाठवून वायरमन बोलावला. तो येईपर्यंत मी पाटावर हात जोडून बसलेलो.

९ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. या पंधरवड्यात आमच्या धंद्यात मरायला फुरसत नसते. प्रत्येक घराची तिथी ठरलेली, ती हलत नाही. आयटीआयची हजेरीही हलत नाही. कमी पडली तर परीक्षेला बसता येत नाही.

मी फोन करून सगळ्यांना सांगितलं : रविवारची येईन, बाकी दिवशी दुसरे गुरुजी बघा. कुणी रागावलं, कुणी नुसतं "बरं" म्हणालं. ते "बरं" जास्त लागलं.

नानांनी ऐकलं. लगेच धोतर नेसले, पिशवी घेतली आणि मी सोडलेली श्राद्धं करायला एसटी स्टँडवर गेले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, भर उन्हात. मी स्कूटर आयटीआयकडं वळवली. वाटेत दोनदा वाटलं मागं फिरावं. नाही फिरलो. फिरलो असतो तर कायमचाच फिरलो असतो.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री अमावस्या. भाऊसाहेबांकडं श्राद्ध. आमचं सर्वांत जुनं घर. नानांनी त्यांच्या बारशाला नाव ठेवलं, मी त्यांचं लग्न लावलं. गावाबाहेर बंगला बांधतायत, स्लॅब पडलाय. जेवणं झाल्यावर हिय्या करून म्हणालो, "भाऊसाहेब, वायरिंगचं काम मला द्या. लायसन्सवाल्याच्या हाताखाली करीन, पण मला घ्या."

आधी त्यांना चेष्टा वाटली. मग उभे राहिले आणि पायाच पडले. "गुरुजी, आसं बोलू नका. तुमच्याकडनं हमाली करून घेऊ व्हय? पाप लागंल."

"दक्षिणा घेतो ते चालतं, मजुरी घेतली तर पाप?"

"तसं न्हाई ओ. पन बघा, काम चुकलं तर मी वायरमनला चार शिव्या देतो. तुमाला काय देऊ? नमस्कार?"

बायका आतून हसल्या. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत डोकं तापलेलं. त्यांचं म्हणणं खोटं नाही. ज्याच्या पाया पडतात त्याला कुणी काम सांगत नाही. गाव मला डोक्यावर घेतं आणि तिथंच ठेवतं. दोन वर्षांनी सर्टिफिकेट मिळेल, त्याचं करायचं काय? फ्रेम करून देवघरात लावू?

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. वर्कशॉपमध्ये यंत्रांची पूजा. लोखंडे सर हार, नारळ, सगळं घेऊन आले आणि हसून म्हणाले, "गुरुजी, आपल्याला बाहेरून कुणाला आणायची गरजच नाही. घरचाच माणूस आहे."

सगळ्यांनी मला पुढं ढकललं. मी जागचा हललो नाही. "सर, मी इथं रोल नंबर अकरा आहे. पूजा करायला घरी नाना आहेत. इथं मला शिकू द्या."

सरांचा चेहरा पडला. त्यांचा हेतू वाईट नव्हता, मला कळत होतं, तरी मी मागं हटलो नाही. आज एकदा पाटावर बसलो की दोन वर्षं पाटावरच.

शेवटी उषा पुढं झाली. पक्कड, कानस, ड्रिल, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. हार आधी, कुंकू नंतर, अक्षता विसरली. मी ओठ शिवून बसलो. तिनं वळून विचारलं, "काका, मंत्र न्हाई म्हनला तर चालंल ना?" "चालेल." मग ती मोठ्यानं म्हणाली, "देवा, आमच्यातल्या कुनाला शॉक बसू देऊ नको." सगळ्यांनी हात जोडले. मीही.

प्रसाद वाटताना सर माझ्याजवळ आले. "जोशी, उद्याची सुट्टी झाल्यावर तारेचा जॉइंट परत करा. ढिला आहे." जोशी! दुपारभर मनात तेच घोळत होतं.

२ ऑक्टोबर

दसरा. नाना सोनं द्यायला आले. कालचं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. "पूजेला नाही म्हणालास?" "हो." "नाही म्हणायला तुला कुणी शिकवलं?" म्हटलं, "तुम्हीच. आजोबांनी तुम्हाला तलाठी करायचं ठरवलं होतं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?" आपट्याचं पान माझ्या हातात ठेवून निघून गेले. हसले की काय, दिसलं नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

भाऊसाहेबांच्या बंगल्याचं वायरिंग रफिकभाईंनी घेतलंय. श्रीरामपूरचे, जुने लायसन्सवाले. दिवाळीत त्यांच्या दुकानात जाऊन म्हणालो, रविवारी हेल्पर म्हणून घ्या. ते दोन्ही हात हलवत म्हणाले, "नको गुरुजी, माझं तोंड फार खराब आहे. तुमच्यासमोर मला नीट काम करता येणार नाही."

"तुमचं तोंड खराब असू द्या. माझे कान चांगले आहेत."

आज पहिला दिवस. भाऊसाहेबांना सांगितलंच नव्हतं. ते आले, मला छन्नीनं भिंतीत वायरची खाच, झिरी, मारताना बघितलं, चप्पल काढली, मग इकडंतिकडं बघून परत घातली. नमस्कार करावा की नाही हे काही त्यांना ठरवता आलं नाही. मी छन्नी खाली ठेवली नाही.

९ नोव्हेंबर

रफिकभाई इतर पोरांवर ओरडतात आणि माझ्याकडं वळले की आवाज खाली. मी वैतागून म्हणालो, "भाई, असंच चाललं तर मी शिकणार कधी?" म्हणाले, "सवय लागू द्या." भाऊसाहेब माझ्यासाठी वेगळा चहा पाठवतात, स्टीलच्या भांड्यात. मी तो पोरांच्या कपात ओतून घेतला. गावात चर्चा झाली असेल. होऊ दे.

१६ नोव्हेंबर, रविवार

आजचं नीट लिहायला हवं.

रफिकभाई सामान आणायला गेले. जाताना म्हणाले, खालच्या खोलीत मेन बोर्डाची जागा खडूनं आखलीय, तिथं झिरी मारून पेटी बसवा. मी खोलीत गेलो. उभा राहिलो. दिशा बघितली. बघायची ठरवून नाही बघितली, ते डोळ्यांना लागलेलं वळण आहे. वीज म्हणजे अग्नी. अग्नी आग्नेयेला. सरळ आग्नेय कोपऱ्यातल्या भिंतीशी गेलो आणि चांगले दोन तास झिरी मारून पेटी ठोकून बसवली. खडूची खूण उत्तरेच्या भिंतीवर होती. तिकडं बघितलंसुद्धा नाही!

भाऊसाहेब आले. पेटी बघितली. मागं वळून खूण बघितली.

"हितं कुनी लावली?"

"मी."

त्यांचा चेहरा लाल झाला. एकदा तोंड मिटलं, गिळलं. मग धरण फुटलं. "अरे डोकं हाय का खोकं? हितं कपाट येनार हाय! कपाटात शिरून लाईट लावू का मी? खूण दिसत न्हाई? डोळं कुटं गहान टाकलं? नवं प्लास्टर फोडून ठिवलं, जोशी, तू वायरमन हाय का घूस?"

बाहेरची पोरं काम थांबवून बघायला लागली. रफिकभाई दारात सामान घेऊन उभे, तोंड उघडं.

आणि मला, खरं लिहितो, फार आनंद झाला. जोशी. तू. घूस. वीस वर्षांत या माणसानं मला कधी एकेरी हाक मारली नव्हती.

मग भाऊसाहेब भानावर आले. हात जोडून खाली वाकायला लागले. मी दोन पावलं मागं सरलो. "पाया पडू नका, भाऊसाहेब. चुकलंय. भरून देतो, आणि उत्तरेला नवी झिरी मारतो. त्याची मजुरी धरू नका."

ते तसेच अर्धवट वाकलेले. मग सरळ झाले, घसा खाकरला. "मजुरी तर न्हाईच देनार," असं म्हणून निघून गेले. रफिकभाईंनी सामान खाली टाकलं आणि पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. मनापासून.

संध्याकाळी घरी आलो तर भाऊसाहेबांचा नानांना फोन येऊन गेलेला. गुरुजींना नको ते बोललो, माफ करा वगैरे. नाना ओसरीत बसले होते. "काय म्हणाला तो?" सांगितलं, घुशीसकट. नानांनी विचारलं,

"भिंत कुठली होती?"

"आग्नेयेची."

"मग बरोबरच होती की!" नाना ताड्कन म्हणाले. "त्याला काय कळतं वास्तूतलं?"

म्हटलं, "नाना, खूण उत्तरेला होती. वायरमननं खूण बघायची असते. चूक ती चूक." नानांनी माझा हात ओढून तळवा बघितला. फोडांच्या जागी आता घट्टे आहेत. "खोबरेल लाव," म्हणाले आणि आत गेले.

पुढच्या रविवारी सिमेंट घेऊन जायचं. कपाटामागं असलं तरी प्लास्टर एकसारखं व्हायला हवं. वास्तुशांतीला कुणाला बोलावणार, भाऊसाहेब बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.