मामांनी फोनवरून जोडलेल्या दोन वायरी

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (हा नुसता कागदावरचा नाही. तुमच्या शब्दाखातर आमच्या घरातला एक कर्ता पुरुष खरोखरच आठही अंगांनी आडवा झालेला आहे, ते पुढे येईलच.) तुमची नवी गाडी, तुमचा गुडघा, तुमचा रक्तदाब आणि मामींची पाठ यांची प्रकृती ठीक असेल अशी आशा करते. क्रम मुद्दाम असा ठेवलाय; तुमच्या घरी चौकशी याच क्रमाने होते असं मामी म्हणतात. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. ‘आम्ही सर्व कुशल’ असं लिहायची पद्धत आहे हे मला ठाऊक आहे, पण बराच विचार करून मी तो शब्द बदललाय.

फोन करायचा सोडून पत्र का, असं तुम्ही विचाराल. त्याचं कारण असं की फोनवर तुमच्याशी बोलणं म्हणजे तुमचं ऐकणं. पत्राला मध्येच थांबवून ‘अगं, तू आधी माझं ऐक’ असं म्हणता येत नाही. शिवाय तुम्ही आमच्या गाडीची गोष्ट थोरल्या मावशीकडे, धाकट्या मावशीकडे आणि मामींच्या माहेरी सगळ्यांना सांगताय असं कानावर आलं. (मावशीच्या सुनेने तर मला विचारलं, ‘तुमच्या मामांनी म्हणे फोनवरून इंजिन बदललं?’) गोष्ट छानच आहे, फक्त तुम्हाला ती अर्धीच माहीत आहे. उरलेली अर्धी आम्ही घरातल्या चौघांनी मिळून तुमच्यापासून लपवली. ती आज सांगते.

सुरुवातीचं तुम्हाला पाठ असेलच, तरी माझ्या बाजूने सांगते, कारण तुमच्या गोष्टीत मी फक्त ‘घाबरलेली पोर’ म्हणून येते असं कळलं. गाडी मूळची तुमची. ती तुम्ही आम्हाला प्रेमाने दिलीत. (नवी आणल्यावर जुनीला उभं करायला जागा नव्हती हे मामींनी सांगितलं, पण प्रेम ते प्रेमच.) सोबत तुमच्या अक्षरातली अकरा पानी सूचनांची वही आली. तिच्यात तिसऱ्या पानावर लाल शाईने लिहिलंय, की हँडब्रेक ‘जरा मऊ’ आहे, तेव्हा गाडी उभी करताना नेहमी पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवावी. आम्ही आज्ञाधारक माणसं. तुमची गाडी आमच्या अंगणात आल्या दिवसापासून पहिल्या गिअरमध्येच झोपत आली.

त्या सोमवारी सकाळी सहाला किल्ली फिरवली तर गाडीने हूं की चूं केलं नाही. दिवे लागले, काटे हलले, पण इंजिन ढिम्म. क्लच पार जमिनीपर्यंत दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मला सातला लॅब उघडायची असते. सातला माझ्या दारात बारा-बारा तास उपाशी असलेली वीस माणसं रक्त द्यायला उभी असतात, आणि उपाशी माणूस साखर तपासायला आला असला तरी त्याच्या जिभेवर ती नसते. म्हणून मी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींना उठवून आणलं. त्यांनी वाकून क्लचच्या पेडलच्या वर, आत कुठेतरी अंगठा दाबला आणि गाडी लगेच चालू झाली. मग ती बंद करून हात पुसत म्हणाले, ‘‘क्लचचा स्विच गेलाय. क्लच दाबला हे त्याने सांगितल्याशिवाय गाडी चालू होत नाही. नवा मागवतो, चार दिवस लागतील.’’ आणखी काहीतरी पुटपुटले आणि गेले.

चार दिवस! मग मी तुम्हाला फोन केला.

तुम्ही काय म्हणालात ते मी शब्दशः लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी गोष्ट सांगताना तुम्हाला उपयोगी पडेल. ‘‘अगं, तो स्विच म्हणजे नवशिक्यांसाठी आणि बायकांसाठी कंपनीने केलेले लाड! मी गाडी शिकलो तेव्हा असले स्विच होते का? दोन वायरी आहेत, त्या एकमेकींना जोडून टाका. त्या मिस्त्रीला म्हणावं, घरी बस.’’ मी म्हटलं, वायरी कोण जोडणार? तुम्ही म्हणालात, ‘‘जावयांना दे फोन.’’

आमचे हे कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतात. अमुक असेल तर तमुक होतं आणि म्हणून ढमुक टाळावं, हे ते साठ मुलांना रोज सांगतात. पण कामाच्या ठिकाणचं काम घरी आणायचं नाही असा त्यांचा नियम आहे. ते गाडीच्या दारातून आत शिरले, डोकं पेडलांशी, पोट सीटच्या कडेवर, पाय अंगणात. मी तोंडात टॉर्च आणि हातात फोन धरून उभी. उंटावरून शेळ्या हाकतात असं ऐकलं होतं. दीडशे किलोमीटरवरून जावई हाकलेला प्रथमच पाहिला. तुम्ही विचारलंत, ‘‘निळी दिसते का?’’ आतून आवाज आला, ‘‘दोन निळ्या दिसतात.’’ तुम्ही म्हणालात, ‘‘मग बरोबर!’’ (दोन्ही बरोबर कशा, हा प्रश्न तर्कशास्त्राला पडला नाही.) एकदा चुकीची वायर ओढल्यामुळे रेडिओ जो मुका झाला तो अजून बोललेला नाही. एकदा कोपर हॉर्नवर बसलं आणि गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांतून न विंचरलेली डोकी बाहेर आली. शेवटी वायरी जुळल्या, वर चिकटपट्टी बसली, मी किल्ली फिरवली आणि क्लचला पाय न लावता गाडी चालू झाली. तुम्ही फोनवर इतक्या जोरात ‘‘बघ!’’ म्हणालात की माझ्या तोंडातला टॉर्च पडला. सातला सात मिनिटं असताना मी लॅबमध्ये होते. तुमची गोष्ट इथे संपते.

पुढचे तीन आठवडे खरंच बरे गेले. मिस्त्री नवा स्विच घेऊन दोनदा येऊन गेले. ह्यांनी त्यांना दोन्ही वेळा दारातूनच, ‘‘आता गरज नाही, आमच्या मामांनी केलं,’’ असं सांगितलं. दुसऱ्या वेळी मिस्त्रींनी विचारलं, ‘‘मामा मिस्त्री आहेत का?’’ हे म्हणाले, ‘‘त्याहून वरचे.’’

आता माझ्या सासऱ्यांविषयी थोडं सांगायला हवं. तुम्ही त्यांना लग्नात भेटलात, पण तेव्हा तुम्हीच बोलत होतात. ते छत्तीस वर्षं एका कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांच्या टेबलावर आलेला कागद त्यांच्या सहीशिवाय पुढे सरकत नसे आणि सही ते सहजासहजी करत नसत. गाडी त्यांना येत नाही. पण उघडी खिडकी, गळता नळ आणि चालू दिवा दिसला की ते उठतात. हे गाडीच्या काचा नेहमी उघड्या आणि किल्ली आतच टाकतात आणि सासरे बाहेर उभे राहून, खिडकीतून हात घालून, किल्ली अर्धी फिरवून त्या वर करतात. आजवर त्यांनी पन्नासदा तरी असं केलं असेल. कितीतरी वेळा किल्ली जास्तच फिरली असेल, पण काही झालं नाही. का झालं नाही, ते तुम्हाला आता कळलं असेल. क्लच दाबलेला नसे, म्हणून तो नवशिक्यांसाठी आणि बायकांसाठी केलेला लाड प्रत्येक वेळी निमूटपणे नाही म्हणत असे.

मग एका रविवारी सकाळी दहाला वारा सुटला, अंगणात धूळ उडायला लागली. सासूबाई अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, भिंतीशी, त्यांच्या हिरव्या प्लास्टिकच्या खुर्चीत मटार सोलत बसल्या होत्या. गाडीचं तोंड बरोबर त्यांच्याकडे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते, म्हणून हे सगळं मी पाहिलं आहे. आत सासूबाईंचा फोन वाजला. त्या ‘‘आता कोण बाई,’’ म्हणत मटारचं ताट खुर्चीवर ठेवून आत आल्या. सासरे चपला सरकवत गाडीपाशी गेले, हात आत घातला आणि किल्ली फिरवली.

गाडीने उडी मारली. मग गचके खात इंजिन चालू झालं आणि तुमची गाडी, पहिल्या गिअरमध्ये, आत कोणी नसताना, अंगणातून निघाली. सासऱ्यांचा हात आत अडकलेला. ते शेजारून धावत होते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून जे जिना बसत उतरतात, ते सासरे! एक चप्पल मागे राहिली. ते गाडीला ‘‘थांब! थांब म्हणतो ना!’’ असं कचेरीतल्या आवाजात सांगत होते आणि ती ऐकत नव्हती. मामा, मला हसू येतंय लिहिताना, तेव्हा नाही आलं. (छत्तीस वर्षांत त्यांच्या हातून पहिल्यांदाच काहीतरी पुढे सरकलं, हा विनोद ह्यांचा; तो त्यांनी चार दिवसांनी केला आणि त्यावर सासूबाई त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.) पंधरा पावलं गेल्यावर त्यांचा हात सुटला, ते गुडघ्यांवर पडले आणि गाडी खुर्चीवरून जाऊन भिंतीला धडकून बंद पडली. भिंतीच्या वरच्या दोन ओळींच्या विटा बॉनेटवर आल्या.

खुर्चीचे किती तुकडे झाले ते मोजलं नाही. मी धावत गेले तेव्हा सासरे तसेच गुडघ्यांवर बसून गाडीच्या पुढच्या चाकांकडे बघत होते आणि हाक मारत होते. चाळीस वर्षांच्या संसारात मी सोडा, ह्यांनीसुद्धा त्यांना सासूबाईंना नावाने हाक मारताना ऐकलं नव्हतं. ताट वाकडं होऊन चाकाखाली होतं. सासूबाई आत आहेत हे त्यांना माहीत नव्हतं, मामा. त्यांना त्या तिथेच होत्या असं वाटलं.

सासूबाई आतल्या खिडकीत उभ्या होत्या, कानाला फोन. फोन तुमचा होता.

तुम्ही त्यांना वायरींची गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होतात. धडाका ऐकून तुम्ही विचारलंत, ‘‘कसला आवाज हो?’’ आणि त्या म्हणाल्या, ‘‘काही नाही, कपाटावरून काहीतरी पडलं.’’ तुम्ही पुढे बोलत राहिलात. आपल्या खुर्चीवर चढलेल्या गाडीकडे बघत त्यांनी तुमचं आणखी चार मिनिटं ऐकलं, कारण सुनेच्या मामांचा फोन मध्येच ठेवायचा नाही असं त्यांचं वळण. शेवटी, ‘‘तुमच्यामुळे फार सोय झाली,’’ असंही म्हणाल्या. मग फोन ठेवून जमिनीवर बसल्या. तेव्हा एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करते: त्या वाचल्या त्या तुमच्या बढाईमुळे. आणि वाचायची वेळ आली ती तुमच्या सल्ल्यामुळे. हिशेब तुम्हीच करा, मला जमत नाही.

सासऱ्यांचं मनगट मोडलं नाही, सुजलं. त्या संध्याकाळी ते अंगणात वाकून बराच वेळ काहीतरी करत होते. मी जाऊन बघितलं तर धुळीतले मटार वेचत होते, एकेक, डाव्या हाताने. मी म्हटलं, टाकून द्या ना. ते म्हणाले, ‘‘तिने सोललेत.’’ त्यांनी ते चार पाण्यांनी धुतले आणि आम्ही ते खाल्ले. थोडे कचकच लागले, तरी संपवले.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी भिंत पाहिली, खुर्ची पाहिली, मग हे सहा वर्षांच्या मुलासारखे बाजूला उभे असताना पेडलाखाली शिरून चिकटपट्टी सोडवली आणि नवा स्विच बसवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आता क्लच दाबल्याशिवाय गाडी चालू होत नाही. सासरे काचांना हात लावत नाहीत. काच उघडी दिसली की ह्यांना आतून बोलावून आणतात आणि ह्यांनी काच वर करेपर्यंत गाडीसमोर कोणी नाही ना, हे बघत उभे राहतात.

मामींना नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा साष्टांग. राग मानू नये. मानलाच तर पत्रानेच कळवावा.

तुमची भाची
(घाबरलेली पोर)

ता. क. १: पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. मामींचा परवा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाल्या की आमच्याकडचा प्रयोग यशस्वी झाल्यामुळे तुम्ही नव्या गाडीच्याही वायरी जोडून घेतल्यात. गेट उघडायला त्याच उतरतात आणि गाडी त्यांच्या मागे उभी असते. तेव्हा हे पत्र इथपर्यंत वाचून झालं की घडी घालायच्या आधी उठा आणि तुमच्या गॅरेजवाल्याकडे जाऊन त्या सोडवून घ्या. गाडी तिथवर मामींनी नव्हे, तुम्ही न्यायची आणि मामींनी घरात बसायचं. झालं की मला नको, मामींनाच सांगा; मी त्यांना विचारीन.

ता. क. २: सगळं पत्र तुमच्यावर ढकलून मोकळी झाले, पण पाकीट चिकटवायच्या आधी हेही लिहिते. त्या सोमवारी मिस्त्री जाताना पुटपुटले, असं मी वर म्हटलंय. ते पुटपुटले नव्हते. चांगलं स्वच्छ म्हणाले होते, ‘‘ताई, वायरी जोडून देऊ नका कोणाला. गिअरमध्ये असली तर माणसावर जाईल.’’ मी ऐकलं होतं. मला उशीर होत होता आणि ‘काही होत नाही’ असं ठासून सांगणारं कोणीतरी हवं होतं, म्हणून मी तुम्हाला फोन केला. मिस्त्रींचं वाक्य घरात अजून कोणाला माहीत नाही. सासूबाईंना तर नाहीच. त्या रोज सकाळी मी निघताना दारात येऊन म्हणतात, ‘‘सावकाश जा गं.’’