अकरावं भोक

क्रॉफ्ट ड्रोव्ह, लिंकनशायर
गुरुवार, १३ फेब्रुवारी १९८६

प्रिय ऑब्री यास,

तुझ्या एकुलत्या एका मेहुण्याचा नमस्कार. इकडे आम्ही दोघं आपापल्या दुखण्यांसह मजेत आहोत. तुझ्या बहिणीचा, विनीचा गुडघा हवामान खात्यापेक्षा आधी पाऊस सांगतो आणि माझ्या उजव्या डोळ्यात धुकं उतरलंय. डॉक्टर म्हणतात की मोतीबिंदूला अजून अवकाश आहे. मी म्हणतो की रायफलच्या टोकावरच्या माशीपुरतं दिसलं तरी पुरे, जेवणाचं ताट मी हातानं चाचपून शोधीन. तुझ्या गुडघ्यांचं, दम्याचं आणि लेकीचं कसं काय? गिलियनच्या नाताळच्या पत्रात होतं की तू समुद्रकाठच्या हिरवळीवर म्हाताऱ्यांबरोबर लाकडी गोळे घरंगळवायला जातोस, आणि तुझ्या औषधाच्या गोळ्या ती वारांची नावं लिहिलेल्या डबीत भरून ठेवते, कारण 'हल्ली बाबांची मोजणी चुकते.' हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि पत्र घडी करून घड्याळामागे ठेवून दिलं.

आजच्या पत्रास कारण असं काही नाही. सहज लिहितोय. (विनी खांद्यावरून वाचून गेली आणि 'सहज' या शब्दावर घसा खाकरली. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.)

प्रार्थनामंदिरामागची आपली पत्र्याची शेड अजून उभी आहे. दर गुरुवारी सातला रॉकेलची शेगडी पेटते, पहिली वीस मिनिटं सगळे नेमबाजीऐवजी खोकतात, आणि चिटणीस मिसेस पॅडली टपालाच्या स्पर्धेला पाठवायची, दहा ठिपक्यांची निशाण्याची कार्डं वाटतात. या हंगामात आपली गाठ कॉर्नवॉलच्या एका क्लबाशी आहे. त्यांना आपण कधी पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. त्यांची कार्डं येतात तेवढ्यावरूनच ओळख. त्यांच्यातल्या एकाची भोकं नेहमी डावीकडे खाली सरकलेली असतात. मी त्याला मनातल्या मनात पाठदुखीवरचा एक उपाय सांगत असतो.

तुझी चटई रिकामीच आहे. शाळेत विज्ञान शिकवणारा एक नवा मास्तर आलाय, त्याचा तिच्यावर डोळा होता. मी म्हटलं, तिथे ओल येते. पुढच्या गुरुवारी तो मेणकापड घेऊन आला. मी म्हटलं, वरून गळतं. तो पत्र्याकडे बघत म्हणाला की तीन आठवड्यांत पाऊस नाही. तेव्हा माझ्या थर्मासमधला चहा चुकून त्या चटईवर सांडला. (पुरा थर्मास. बूच आधी काढावं लागलं.) आता तो दाराजवळ झोपून नेम धरतो आणि माझ्याशी मोजकंच बोलतो.

कारण असं, ऑब्री, की त्या चटईवर उजव्या हाताचा माणूस मला नको. आपण एकतीस वर्षं शेजारी पालथे पडलो; तू डावखुरा, मी उजवा, त्यामुळे काडतूस भरायला कुशीवर वळलो की दोघांची तोंडं समोरासमोर यायची. एका कार्डाला दहा वेळा. पुढे नेम, रागलोभ, वारा नसतानाही वाऱ्याला दिलेल्या शिव्या, आणि मध्येच तुझा तो चेहरा, एक डोळा मिटलेला, ओठांत काडतूस धरलेला, रवंथ करता करता विचारात पडलेल्या गाईसारखा. विनीचा चेहराही मी इतक्या जवळून इतक्या वेळा पाहिलेला नसेल. (हे ती वाचून गेल्यावर लिहिलंय.) आता काडतूस भरताना मला समोर पत्र्याची भिंत दिसते. भिंत मात्र एकदाही हसवत नाही, आणि तरीही माझे गुण वाढत नाहीत.

बाकी माझा संग्रह वाढतोय. जिन्याखालच्या लोखंडी कपाटात आता माझ्या स्वतःच्या पाच रायफली झाल्या. वडिलांची लांब नळीची मार्टिनी, जी कोरड्या दिवशी देवासारखी चालते आणि दमट दिवशी माणसासारखी. इथल्याच बॉस्टन गावच्या त्या विधवा बाईकडून घेतलेली वजनदार, जी उचलताना माझी कंबर आणि धरताना माझा अभिमान मोडतो. आणि ती जर्मन, जिच्या दस्त्याला इतके स्क्रू आहेत की तिच्यावर नेम धरण्याऐवजी मी गेलं वर्षभर तिची जुळवाजुळवच करतोय. सगळ्या पॉइंट टू-टू मापाच्या, सगळ्या नेमाच्या; शिकारीची एकही नाही, हे तुला सांगायला नकोच. काय मिळतं, असं विनी विचारते. पाच गोळ्या एकाच भोकातून गेल्या आणि ते भोक वाटाण्याएवढंच राहिलं, तर माणसाला वाटतं की या जगात निदान पंचवीस यार्डांपर्यंत तरी सगळं नीट लागलंय. एवढंच मिळतं. पण वाटाण्याएवढं भोक दर वेळी पाडणारी रायफल या जिल्ह्यात एकच होती, आणि ती तुझी.

ऑक्टोबरात मी ती बघितली. बंदुकांच्या दुकानात, काचेआड, गळ्यात चिठ्ठी अडकवलेली. दीड वर्ष तिला कुणी हात लावला नव्हता, कारण गाल टेकायची बाजू तू डाव्या हाताच्या माणसासाठी कोरलेली, वर तुमच्या आईच्या जुन्या पर्सचं तपकिरी चामडं चिकटवलेलं. त्या चामड्यावर तुझ्या दाढीनं घासून पडलेला पांढरट डाग अजून आहे. मी काचेपाशी इतका वेळ उभा राहिलो की दुकानदारानं बाहेर येऊन तब्येत विचारली.

आवडली म्हणून लगेच घेता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. सहावी रायफल परवान्यावर चढवायला सबळ कारण लागतं. कारण तपासायला कॉन्स्टेबल डॅगेट आले. मनुकांचा केक खाल्ला, कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं आणि वही उघडून विचारलं की पाच असताना सहावी कशाला. मी संग्रहाचं महत्त्व, मार्टिनीचा इतिहास, बर्मिंगहॅमच्या कारागिरीचा ऱ्हास यांवर पाऊण तास बोललो. डॅगेटनी शांतपणे विचारलं, "पण काका, तुम्ही तर उजव्या हाताचे ना?" मी केकचे कण वेचू लागलो. तेव्हा विनीनं केकचा दुसरा तुकडा त्यांच्या बशीत ठेवला आणि म्हणाली, "लिहा तुम्ही, यांना करमत नाही म्हणून." डॅगेटनी काय लिहिलं देव जाणे, पण जानेवारीत मंजुरी आली.

मग ती आणली आणि मी डाव्या हातानं नेम धरायला शिकलो. म्हणजे शिकलो नाही. पहिल्या गुरुवारी एकसष्ट गुण. दुसऱ्या गुरुवारी कार्ड टांगायची दोरीच तुटली आणि कार्ड खाली पडलं; मिसेस पॅडली म्हणाल्या, इतका अचूक बार त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. तिसऱ्या गुरुवारी मी गाल त्या चामड्यावर टेकवला आणि चाप ओढलाच नाही. नुसता पडून राहिलो. मास्तरानं विचारलं, काही अडकलंय का. हो म्हटलं.

तुझ्या काडतुसांचं खोकंही माझ्याकडे आहे. कारखान्याच्या एकाच खेपेचा, आपण अर्धा अर्धा वाटून घेतलेला तो घाणा. कारखान्यानं नंतर पुष्कळ घाणे काढले, पण तुझ्या रायफलला तोच मानवला आणि माझ्या पाचांपैकी एकीलाही तो सोसत नाही. मी ते खोकं कोरड्या जागी, विनीच्या लोकरीत ठेवलंय.

त्या कार्डाचा विषय मी काढणार नव्हतो. पण येत्या रविवारी दोन वर्षं होतील, आणि मला तो गुरुवार रोजच्या रोज आठवतो. एकतीस वर्षांत तुझं पहिलं शंभर. दहाही ठिपके मधोमध फुटलेले. सगळे कार्डाभोवती जमले, शेगडीवरचा चहा उतू गेला, आणि मग मिसेस पॅडलींनी भिंग लावून नवव्या ठिपक्याच्या कडेला आणखी एक भोक दाखवलं. दहा गोळ्यांच्या कार्डावर अकरा भोकं. जादा भोकाचे पाच कापून नियमानं पंच्याण्णव. तू वाद घातला नाहीस. टोपी काढलीस, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "माझीच मोजणी चुकली असणार, क्लेम. वय झालं." शुक्रवारी रायफल दुकानात, महिन्याभरात घर विकलं, आणि तू टॉर्कीला लेकीकडे.

मी तेव्हा म्हणालो होतो, "होतं असं." मग उतू गेलेला चहा पुसायला घेतला.

असो. पत्र लांबलं. गिलियनला आशीर्वाद, समुद्राला नमस्कार. थंडीत हिरवळीवर फार वेळ वाकून उभा राहू नकोस.

तुझा,
क्लेमंट

ता. क. तुझा परवाना ३१ मार्चला संपतो. माझाही त्याच दिवशी संपतो, आपण दोघांनी एकत्रच काढला होता म्हणून लक्षात आहे. नूतनीकरणाचा अर्ज सोबत जोडलाय. बाकी काही नाही, फक्त भरून टाक. एकदा संपला की नव्यानं सगळं सुरू करावं लागेल, आणि आपल्या वयाला कुणी सहजासहजी देणार नाही.

ता. क. २. ते अकरावं भोक माझं आहे.

त्या दिवशी नववी गोळी भरताना तू गालात काडतूस फिरवत होतास, मला हसू आलं, आणि हसत हसतच मी पुन्हा नेम धरला. शरीर तुझ्या बाजूला वळलेलं राहिलं असणार. बार झाला. दुर्बिणीतून पाहिलं तर माझा नववा ठिपका कोरा. मला वाटलं, ऐकला तो बार शेजारचा असेल, मी केलाच नाही. दुसरी भरली आणि मारली. माझ्या कार्डावर दहाच भोकं होती, म्हणून माझ्याकडे कुणी बघितलंच नाही. काडतुसं एकाच घाण्यातली, भोकं एकाच मापाची. दुसऱ्या दिवशी सकाळी विनीनं धुवायला काढलेल्या माझ्या कोटाच्या खिशातून काडतुसांच्या रिकाम्या नळ्या काढल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीनं उभ्या केल्या. अकरा. मी ठरवलं, पुढच्या गुरुवारी सांगेन. तोवर तू रायफल देऊन टाकली होतीस, आणि मग ते वाक्य दर आठवड्याला जड होत गेलं. दोन वर्षं विनी दर शनिवारी त्या अकरा नळ्या पुसते आणि परत तशाच ठेवते.

तुझी मोजणी चुकली नव्हती, ऑब्री. तू दहाच मारल्यास, आणि दहाही बरोबर मध्यावर. हा भाग गिलियनला मोठ्यानं वाचून दाखव, आणि ती डबी तिच्याकडून काढून घे. आज संध्याकाळी शेडमध्ये सगळ्यांसमोर सांगणार आहे. पत्र त्याआधीच पेटीत टाकतोय, म्हणजे माघार घेता येणार नाही.

ता. क. ३. एप्रिलच्या जोडीच्या स्पर्धेत आपल्या दोघांची नावं मी तुला न विचारता दिली आहेत. पहिल्या फेरीचं कार्ड सोबत आहे. साक्षीदाराच्या सहीची जागा कोरी ठेवलीय. सही शेडमध्ये, बार झाल्यावरच होते, आणि ती मीच करीन. तोवर चटई वाळेल. मी दहाच काडतुसं घेऊन येतो. अकरावं विनीच्या एप्रनच्या खिशात राहील.