भावाचा रकाना

परळ, ११ ऑक्टोबर २०२५

ती. लवूदादास,
सुचित्राचा सा. न. वि. वि.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र कौसल्याच्या हाती देते. ती माझ्याकडे पोळ्या करते आणि राहते तुमच्याच चाळीत, तेव्हा मिळालं नाही म्हणायची सोय नाही. रखमावहिनीचे गुडघे कसे आहेत?

इथे एकतिसाव्या मजल्यावर माझं मन लागत नाही. पंखे, पडदे, दिवे, सगळं तुझ्या भाच्याने, हितेंद्रने, फोनवर घेतलंय. परवा इंटरनेट गेलं, तर पडदे उघडेनात. मी अंधारात बसून राहिले. कौसल्याने येऊन हाताने सरकवले. तेव्हा फ्लोरी मिसनी नववीत शिकवलेली ती इंग्रजी कादंबरी आठवली. एक गृहस्थ यंत्रात बसून लाखो वर्षं पुढे जातो, तर माणसांचे दोन वंश झालेले. वर उजेडात राहणारे नाजूक, काहीच करता न येणारे. खालचे जमिनीच्या पोटात यंत्रं चालवणारे. तू गिरणीतून आलास की मी तुला ती मराठीत सांगायचे. तू कानातला कापूस काढत विचारायचास, मग पुढे काय झालं गे?

गणपतीनंतर तू फिरकला नाहीस. भाऊबीज तेवीसला आहे. काय चुकलं ते तरी कळव.

माया आटू देऊ नकोस.
तुझी, सुचित्रा


चिंचपोकळी, १३ ऑक्टोबर

चि. सुचित्रास,
अ. उ. आ.

तुझी वहिनी म्हणते, लिहा, नायतर मीच लिहीन. तिचे गुडघे ठीक, तोंड त्याहून ठीक.

गणपतीला आलो, तर रामू वॉचमनने मला मागच्या सर्व्हिस लिफ्टकडे धाडलं. म्हटलं, असेल काही. जाताना पिशवी तपासली. तू दिलेली शाल निघाली. सामान बाहेर न्यायची घरमालकांची चिठ्ठी कुठाय, म्हणाला. बहिणीने दिली, म्हटलं. त्याने स्क्रीन दाखवली. माझा फोटो, खाली 'कामगार, घर ३१०४', आणि नोंद करणारी सुचित्रा. शाल त्याच्या टेबलावर ठेवून आलो.

कामगार शब्दाची लाज नाही. जन्मभर तोच होतो. तुझा टॉवर आहे तिथेच आमच्या गिरणीचे कापड विणायचे साचे होते. पण तुझी गोष्ट मलाही आठवली. बाबांनी तुला कॉन्व्हेंटात घातलं, मला साचेखात्यात. मी हौसेने गेलो. म्हणजे तू वरची आणि मी खालचा व्हायला लाखो वर्षं नाही लागली. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीतच सुरुवात झाली.

भाऊबीजेचं बघू. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.
लवूदादा


परळ, १५ ऑक्टोबर

ती. दादास,
सुचित्राचा शि. सा. न.

बिल्डिंगच्या ॲपवर पाहुणा म्हणून नोंदवलं, तर दर वेळी खालून विचारतात आणि मी हो म्हटल्यावरच सोडतात. मला वाटलं, माझ्या दादाने माझ्याकडे यायला परवानगी का घ्यावी? कामगाराला कायमचा नंबर मिळतो, केव्हाही यावं. 'भाऊ' असा रकानाच नव्हता. हितेंद्र म्हणतो, आई, तुझं लॉजिक बरोबर होतं, सिस्टीमच तशी आहे. मी म्हटलं, तुझ्या मामाची बहीण सिस्टीम नाही, मी आहे.

पण दादा, खरं सांगते. भरताना माझा हात अडला नाही. तुझा फोटो लावला, तो शब्द निवडला आणि चहा प्यायले. तुझं पत्र वाचल्यापासून घरभर फिरतेय, एका जागी बसवत नाही. त्या कादंबरीतल्या वरच्यांना खालचे आपले कोण, हे आठवतही नसे. नववीत मी त्यांना किती हसले होते!

ती नोंद काढून टाकलीय. भाऊबीजेला मीच ताट घेऊन तिकडे येऊ का? हवं तर रागव, पण कळव.

तुझीच, सुचित्रा


चिंचपोकळी, १८ ऑक्टोबर

चि. सुचित्रास,
अ. उ. आ.

तू येऊ नकोस. भाऊबीजेला भावाने जायचं असतं, ते अजून कुठल्या यंत्राने बदललेलं नाही. रखमा म्हणते, जा एकदाचे, नायतर घरात बसून माझंच डोकं खाल.

हात अडला नाही, हे लिहिलंस ते बरं केलंस. लॉजिकवर थांबली असतीस, तर आलो नसतो.

तेवीसला अकरा वाजता येतो, पुढच्या दाराने. कौसल्या सांगते, तिथे सोफे आहेत आणि तुमच्या बिल्डिंगीतली माणसं बसलेली असतात. बसू देत. कोण तुम्ही, म्हणून विचारतील. मी एक शब्द बोलणार नाही. तू खाली ये आणि सगळ्यांदेखत सांग.

तुझा, लवूदादा