उजवीकडची जागा

प्रिय ज्योत्स्ना,

हे पत्र माऊलीच्या हाती पाठवतेय. आपल्या आयुर्वेद केंद्राची गाडी चालवणारा माऊली तुमच्या इंदुरीचाच, त्यामुळे पोचेल नक्की. वाचायचं की नाही ते तुझ्यावर. फोन दोनदा केला होता. तू उचलला नाहीस ते बरंच झालं, मी नुसती रडत बसले असते. दोन वर्षं झाली तुला इथून जाऊन. मला त्या दिवसाबद्दलच लिहायचं आहे, पण एकदम तिथं हात घालायचा धीर होत नाही. तेव्हा आधी इकडचं तिकडचं लिहिते, तेवढं चालवून घे.

दुपारचे अडीच वाजलेत. तेलाच्या खोलीत, आपल्या त्या बाकड्यावर बसलेय. कागद म्हणजे प्रकृतीचे जुने फॉर्म आहेत, पाठकोरे. सकाळी शुभदा मॅडमनी पाहुण्यांना सांगितलं, कफाच्या माणसानं दिवसा झोपू नये, अंग जड होतं. आणि आत्ता तीन नंबरच्या खोलीतून जे घोरणं ऐकू येतंय ते शंभर टक्के कफाचं आहे. पुण्या-मुंबईची माणसं किती कौतुकानं सगळं वहीत उतरवून घेतात गं. सूर्योदयाआधी उठा, कोमट पाणी प्या, अंगाला तेल लावा, दुपारचं जेवण वेळेवर घ्या, रात्रीचं हलकं. वाताच्यांनी गरम आणि तुपाचं खावं, धावपळ करू नये. पित्ताच्यांनी आंबट-तिखट आणि राग दोन्ही आवरावं. मी एकदा हे सगळं आमच्या आत्याबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "सूर्याच्या आदी तर आमी जलमभर उटतोय. त्येच्यासाटी लोनावळ्याला कशाला जायाला पायजे? त्याल उरलं तर घिऊन ये, गुडघं लय दुकत्यात."

तेल उरत नाही, आणि माझ्यातही आता फारसं काही उरत नाही. चारला उठायचं, गोरखचा डबा, आत्याबाईंचं पथ्याचं, मग कान्हे स्टेशनवरून सहाची लोकल. दुपारचं जेवण तीनला, तेही उभ्यानं. उजवा अंगठा सकाळी वळत नाही, गरम पाण्यात धरावा लागतो. तुला आठवतं, एकदा बुकिंग नव्हतं म्हणून आपण एकमेकींचे फॉर्म भरले होते? झोप कशी लागते, या प्रश्नापुढे तू माझ्यासाठी लिहिलंस, "पाठ टेकली की." भूक कशी लागते? "वेळ मिळाला की." मॅडमनी गंभीरपणे वाचलं आणि म्हणाल्या, "अनिता, तुमचा वात फार वाढलाय. विश्रांती घ्या." आणि लगेच बेल वाजली, चार नंबरला अभ्यंग. तू इतकी हसलीस की हातातली बाटली मला धरावी लागली. त्यानंतर मी तशी हसलेली नाही.

तू गेल्यापासून तीन जोडीदार झाल्या, ही चौथी, समीक्षा. पोर चांगली आहे, कोर्स करून आलीये, पण घाई फार. माझा हात खांद्यावर असतो तेव्हा तिचा कंबरेला पोचलेला असतो. पाहुणीला दोन बायका वेगवेगळ्या कळल्या तर ते अभ्यंग नव्हे, कणीक मळणं झालं, असं तू म्हणायचीस. पहिला हात उजवीकडचीनं ठेवायचा, डावीकडचीनं तिच्या श्वासाबरोबर आपला ठेवायचा, आणि मग पाऊण तास एकीनंही दुसरीकडे बघायचं नाही. आपल्याला बघावं लागतच नव्हतं. समीक्षाकडे मी सारखी बघते आणि संध्याकाळी मान धरलेली असते.

आता ते लिहिते. तेल गरम करून आणायचं काम डावीकडचीचं आणि पाहुणीच्या कागदावर सही उजवीकडचीची, ही इथली रीत. म्हणजे आणणार मी, जबाबदार तू. तो नोव्हेंबरातला रविवार होता. आदल्या दिवशी आमच्याकडे भाताची झोडणी झाली होती, माझे दंड भरून आले होते, आणि दुपारपर्यंत आपले पाच अभ्यंग झाले होते. सहावी ती ठाण्याची बाई. गोरी, भरलेल्या अंगाची, सावकाश बोलणारी. आपला गेटवरचा खेळ होता ना, पाहुणा गाडीतून उतरला की प्रकृती ओळखायची? मी तिला बघताक्षणी कफ म्हटलं होतं, आणि माझा अंदाज सहसा चुकत नाही याचा मला गर्व होता. तू प्रत्येक वेळी सांगायचीस, "अंदाज गेटपाशीच सोडायचा. आत आल्यावर मनगट बघायचं." मॅडम नाडी बघून मनगटाला धागा बांधतात, वाताला निळा, पित्ताला लाल, कफाला हिरवा, आणि त्याच रंगाच्या झाकणाचं तेल घ्यायचं, एवढं सोपं काम. मी मनगट बघितलं नाही, तिथं लाल धागा होता. हिरव्या झाकणाचं, ते मोहरीचं उष्ण तेल, कढत करून आणलं. तू माझ्या हातातून भांडं घेतलंस आणि पहिला हात ठेवलास, कारण माझ्यावर तुझा विश्वास होता.

त्या बाईची पाठ लालबुंद झाली, आग आग म्हणत ती उठून बसली. संध्याकाळी मॅडमच्या खोलीत आपण दोघी उभ्या होतो. त्यांनी कागद पुढे केला, त्यावर सही तुझी. तू माझ्याकडे एकदाच बघितलंस. मी फरशीकडे बघत राहिले. गोरखचं काम तेव्हा सुटलेलं होतं, हे खरं आहे, पण ते कारण म्हणून लिहीत नाही. मी भ्याले, एवढंच. आणि तू माझं नाव घेतलं नाहीस. घेतलं असतंस तर मी तुझ्यावर रागावून का होईना सुटले असते. तू नुसता ॲप्रन काढून त्याची घडी घातलीस आणि गेलीस.

गेल्या मंगळवारी ती बाई परत आली. मी ओळखलं, तिनं मला नाही. या वेळी मनगट तीनदा बघितलं, लाल धागा. पालथी पडल्या पडल्या ती म्हणाली, "मागे इथं एक मुलगी होती, उजव्या बाजूची. माझी पाठ भाजली होती तिनं. पण नंतर खोबरेल लावून तासभर वारा घालत बसली बिचारी. तिला काढलं की काय? मी तर तक्रारही केली नव्हती." ज्योत्स्ना, तू तासभर तिच्याजवळ बसली होतीस हे मला माहीतच नव्हतं. मी तेव्हा इथं, या खोलीत, लपून बसले होते. माझे हात तिच्या पाठीवर थांबले. समीक्षा पुढे निघून गेली, तिलाही थांबावं लागलं. मी म्हटलं, "ताई, ते तेल मी आणलं होतं." बाईनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं. आता नीट लाव." मी नीट लावलं, आणि हात पुसून सरळ मॅडमकडे गेले.

मॅडम चिडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "दोन वर्षं?" एवढंच विचारलं. तुझ्या सहीच्या त्या कागदावर त्यांनी माझ्याकडून खरं लिहून घेतलं आणि सगळ्या बायकांना बोलावून वाचून दाखवलं. ते होईपर्यंत मी तिथंच उभी होते, या वेळी फरशीकडे न बघता. मग म्हणाल्या, ज्योत्स्नाला कळवा, एक तारखेपासून तिची जागा तिला आहे. तुमचं काय करायचं ते तिलाच ठरवू दे, तिला डावीकडे कोण हवी ते ती सांगेल.

म्हणून हे पत्र. तू ये, एवढंच मागायचं आहे. चाकणच्या त्या कंपनीत खोकी चिकटवण्यासाठी तुझे हात नाहीत. माझ्यासाठी येऊ नकोस आणि माझ्यामुळे थांबूही नकोस. समीक्षा हवी असली तर तिला घे, शिकवलंस तर शिकेल. मग मी इथून जाईन आणि तुला दोष देणार नाही. आणि डावीकडे मी तुला चालत असले, तर तसं लिहायचीही गरज नाही. एक तारखेला सकाळी टेबलाशी ये आणि काही न बोलता पहिला हात ठेव. मी मनगट बघून तेल गरम करून उभी असेन. तू हात ठेवल्याशिवाय मी माझा ठेवणार नाही.

तुझीच,
डावीकडची अनिता