धोळी खोहचा बेत

आश्विन शु. १२, शके १८२८. धार

नावापुढे 'राव' लागायला मला खरोखर काय पडले, याची आज चुन्याच्या भट्टीवर बसून मोजदाद केली. देवळाच्या पायऱ्यांना अकरा गाड्या चुना, फुकट. आपल्या गवंड्यांच्या पंगतीत मांडी घालणे बंद, म्हणजे बारा वर्षांच्या गप्पा गेल्या. आणि चार वर्षांपूर्वी जातीच्या सभेत उठून बोललो की सरदारांच्या घरी विधवा दुसरे घर करीत नाहीत, आपल्यातही पाट बंद व्हावा. सभा चिडीचूप. त्या दिवसापासून सख्या गवंड्याचा सखारामराव झाला. पुढे दोन वर्षांनी चि. चंद्रा पुसलेल्या कपाळाने देवासहून माहेरी आली. वय एकोणीस. ही रक्कम तेव्हा धरली नव्हती.

आश्विन शु. १४

नाथू भिया रिकाम्या गाड्या घेऊन देवासहून परतला. वीस वर्षे माझ्या गाड्या हाकतो. बैलांशी कमी बोलतो, माझ्याशी जास्त. देवासला एका गावात दोन राजे, थोरली पाती आणि धाकटी पाती; एकाने भिंत पांढरी केली की दुसऱ्याला आपली मळकी दिसू लागते. त्यावर माझे बरे चालते. पण आजची बातमी चुन्याची नव्हे. धाकट्या पातीच्या कामावर विठोबा मिस्त्री आहे, आपल्याच जातीचा. बायको गेली, मूल नाही. चंद्राच्या सासरच्या आळीत राहतो, तिला ओळखून आहे. पाट लावायला तयार. सखारामराव हो म्हणतील का, एवढे विचारून ये म्हणाला.

नाथूने त्याला हिराच ठरवला. "आदमी हीरो है, भिया. पण तमारी वा सभा वाली बात आड़ी पड़ी है."

मी म्हटले, बैलांना पाणी दाखव आधी.

दिवसभर भट्टीचा ताव नीट लागेना. खडा भाजला की कच्चा, हे मी नुसता आपटून आवाजावरून सांगतो. आज दोनदा चुकलो.

आश्विन पौर्णिमा

बेत सुचला.

घाट उतरताना उजव्या हाताला धोळी खोह आहे. नाथूच्या बोलीत धोळी म्हणजे पांढरी. चुनखडीची लांब गुहा, वरून दगडाच्या वाती लोंबतात, शेजारी धबधबा. चंद्रा लहान असताना तिला मांडीवर घेऊन त्या धबधब्याचे वर्णन मी शंभरदा केले असेल. सात माणसे उंच, अर्ध्या कोसावरून ऐकू येतो वगैरे. तर आता सहल काढायची. पाऊस सरला, पाणी अजून आहे, घाटाची वाट वाळली. पहिला दिवस घाट. दुसरा दिवस गुहा नि धबधबा. विठोबा आग्रा रोडने धामनोदपर्यंत येईल आणि तिथून सहज आल्यासारखा धबधब्यावर भेटेल. एकमेकांना पाहतील. तिसऱ्या दिवशी नर्मदेच्या दर्शनाला धरमपुरी. तिथे आपल्या जातीची चार म्हातारी घरे आहेत. पाटाला पंचांचा विडा लागतोच, पण तो धारच्याच पंचांचा हवा असे कुठे आहे? रात्री काठावरच्या देवळात पाट, चंद्रा तिकडूनच देवासला. धारेत कोणी विचारले तर सासरी गेली म्हणायचे. ते खोटेही नाही.

पोर मार्गी लागते, शब्दही राहतो. त्या सभेनंतर धार-देवासच्या जातीत एक पाट लागलेला नाही. ज्याने बंद केला त्याच्याच दारात तो वाजतगाजत लागणे शोभत नाही.

विठोबाला पत्र टाकले. नाथूला गाडीपुरते नि कुटुंबाला सगळे सांगितले. कुटुंब धान्य निवडत होते. वर न बघता म्हणाली, "बरं."

आश्विन व. १

चंद्राला फक्त सहल सांगितली. दोन वर्षांत ती आडापलीकडे गेलेली नाही. "आबा, खरंच नेणार?" असे तिने दोनदा विचारले. मग नाथूला गाठून माहिती काढीत बसली. किती वेळ लागतो, आत पाणी असते का, अस्वल असते का. नाथू रंगात आला. "अस्वल तो नी मिले बाई, पण माखी घणी है. मशाल मती लइ जाजो, धुंआ से उठेगी. कंदील लइ लो." मधमाश्यांपायी मशाल नाही; दोन कंदील, तेलाचा बुधला, दोर, दशम्या, लसणाची चटणी, कांबळी. कणकेचे बाफले नाथू तिथेच गोवऱ्यांवर भाजणार.

एका खेपेला चंद्रा हसलीसुद्धा. मी ओसरीत पाठमोरा होतो, पण ऐकले.

आश्विन व. २

घोटाळा. चंद्रा म्हणते सोनीला बरोबर घेऊ.

सोनी म्हणजे रामजी मिस्त्रीची मुलगी. रामजी आणि मी एका थाळीत जेवून लहानाचे मोठे झालो, एकाच ओळंब्यावर काम शिकलो. चार वर्षांपूर्वी सोनीचा पाट ठरला होता. मुलगा चांगला होता, विडा पंचांच्या तबकात आलेला. त्याच सभेत मी उठून बोललो आणि तबक तसेच परत गेले. आता सोनी माझ्याच भट्टीवर चुना विझवते. हात कोपरापर्यंत पोळलेले. रोज दिसते. मी दुसरीकडे बघून जातो.

चंद्राला म्हटले, गाडीत जागा नाही.

"मी नाथूकाकाच्या शेजारी पुढे बसेन," म्हणाली.

नाही म्हणायला कारण द्यावे लागते. कारण कुठले द्यायचे. हो म्हटले.

आश्विन व. ३

कुटुंबाने गाठोडे बांधले. वर कांबळे, खाली चंद्राची दोन लुगडी, आणि त्यांच्या घडीत हिरव्या बांगड्या, कापसात गुंडाळून. मी पाहिले. तिने पाहिले की मी पाहिले. म्हणाली, "अहो, रात्रीच्या पाटाला आईने तोंड दाखवायचं नसतं. मी धरमपुरीला गाडीतच बसेन. बांगड्या तरी आजच भरून ठेवते."

तिच्या पोटी ही एकच राहिली. लग्नात कुटुंबानेच चंद्राला बांगड्या भरल्या, सगळी आळी जमवून.

आश्विन व. ४. घाट

निघालो. चंद्रा पुढे, नाथूच्या शेजारी. सोनी मागे गाठोड्यावर, पदराखाली हात झाकून. घाटात गाडी हलकी करायला सगळे उतरलो तेव्हा सोनी म्हणाली, "मालक, इथला दगड आपल्या भट्टीचा नव्हे?" मी म्हटले, होय. "मग मी याला ओळखते," म्हणाली. पुढे दोघी हात धरून चालल्या.

आश्विन व. ५. धोळी खोह

सगळे उलटे झाले. क्रमाने लिहितो.

सकाळी गुहेच्या तोंडाशी पोचलो. माझे गुडघे वाकेनात म्हणून मी बाहेर दगडावर बसलो. पोरी कंदील घेऊन आत. कुटुंब नाथूपाशी चुलीवर. वरून थेंब पडत होते, एक एक, बऱ्याच वेळाने. गुहा अशी की आतला कुजबुजलेला शब्दही तोंडाशी स्वच्छ येतो.

सोनी म्हणाली, "तुझा तो माणूस आला असेल आतापर्यंत."

"येऊ दे. बसेल."

"चंद्रे, जा ग. माझ्याकरता अडू नको."

"तुझ्याकरता नाही अडले. नाथूकाकाच्या पोटात काही राहत नाही. आणि आईने बांगड्या घातल्यात गाठोड्यात. परवाच पाहिल्या. म्हणजे अंधारात, नदीकाठी, कुणाला न सांगता. मी काय चोरी केलीय?"

कंदील दगडावर ठेवल्याचा आवाज आला.

सोनी म्हणाली, "माझा विडा उजेडात आला होता. काय झालं त्याचं?"

मला उठून जाता येईना. गेलो असतो तर पावलांचा आवाज आत गेला असता.

दुपारी धबधब्यावर विठोबा आला. शांत माणूस. पाय धुतले, कुटुंबाच्या पाया पडला, मला मामा म्हणाला. चंद्राकडे एकदाच पाहिले. तिने पदर पुढे ओढला नाही. पाणी चांगले होते. दोन माणसे उंच असेल, धुरासारखे तुषार. चंद्रा बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "आबा, तुम्ही सांगायचात तसा नाही हा."

खरे सांगितले. चुनखडी काढायला मी उन्हाळ्यातच येतो. तेव्हा इथे ओला दगडही नसतो. धबधबा मी मजुरांच्या तोंडून ऐकला होता.

ती रागावली नाही. "पण बरा आहे की," म्हणाली. आणि विठोबाच्या देखत, सरळ मला, "आबा, मला धरमपुरीला जायचं नाही. सोनीचा विडा तुमच्या बोलण्याने परत गेला. तो आधी सभेत जोडून द्या. त्यानंतर माझं विचारा, धारेत, दिवसाउजेडी. मी हो म्हणेन."

सोनी बाफल्यांकडे बघत होती. नाथू गोवऱ्या फुंकत राहिला.

विठोबा जाताना म्हणाला, "मामा, मी कार्तिकी पौर्णिमेपर्यंत थांबतो. आत्याने उज्जैनला एक मुलगी पाहिली आहे, आत्याला फार अडवता येणार नाही. बोलावणं आलं तर उघड येईन. मलाही तसंच बरं वाटेल."

आश्विन व. ७. धार

परत आलो. बांगड्या कापसासकट पुन्हा फडताळात. कुटुंब दोन दिवस माझ्याशी मिठापुरते बोलते.

सभेत उठायचे म्हणजे काय, हे पोरीला कळत नाही. दरबारच्या कामाची मागणी आपल्या नावावर येते ती या 'राव'मुळे. सख्या गवंड्याला कोण विचारतो? नाथूला म्हटले तर तो म्हणाला, "भिया, चूनो तो वोई रेगो." चुना तोच राहणार, म्हणे.

आश्विन व. ९

रामजीकडे गेलो. चार वर्षांनी त्याच्या ओट्यावर. त्याने पाट मांडला, पाणी दिले, "बसा सखारामराव" म्हणाला. हा मला 'बसा' म्हणतो. तोंडाने सांगता येईना म्हणून आधी पाऊसपाणी, मग गवंड्याच्या करणीचा भाव, मग सांगितले. सभेत चुकलो म्हणेन. सोनीसाठी पुन्हा विडा मागेन.

तो म्हणाला, "तो मुलगा आता दोन पोरांचा बाप आहे."

मी म्हटले, दुसरा पाहू.

"पाहा," म्हणाला. "ती सव्वीसची झाली. हात पाहिलेत ना?"

आत सोनी होती. जात्याचा आवाज मधेच थांबला, आणि मग पुन्हा चालू झाला.

आश्विन व. अमावास्या

लक्ष्मीपूजन. चंद्राने पणत्या लावल्या, उंबऱ्याबाहेर दोन ठेवल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा.

कार्तिक शु. ५

जातीची सभा. पागोटे बांधताना तीनदा सुटले. कुटुंबाने बांधून दिले, चार वर्षांत प्रथमच.

उठलो. म्हटले, मी चार वर्षांपूर्वी जे बोललो ते चुकीचे होते. सरदारांची नक्कल करायला गेलो. रामजीच्या सोनीचा विडा माझ्या बोलण्याने परत गेला, तो पंचांनी पुन्हा घ्यावा. माझ्या मुलीचाही पाट लावायचा आहे, देवासच्या विठोबा मिस्त्रीशी, उघड.

सभा चिडीचूप होईल असे वाटले होते. मागे कोणी सुपारी कातरत होते, ते कातरणे चालूच राहिले. म्हातारे पंच म्हणाले, "बैस रे सखाराम. विडे घेतले. पण पाट बंद झालाय कुठे?"

पुढे जे ते म्हणाले ते उद्या लिहीन. आधी विठोबाला पत्र लिहायचे आहे.

कार्तिक शु. ६

विठोबाला काल रात्रीच पत्र लिहिले. नाथू घेऊन पहाटे निघाला. पौर्णिमेला नऊ दिवस आहेत, वाटेत आत्या आहे. उत्तर काय येईल ते तेव्हा. चंद्रा भट्टीवर जाऊन सोनीच्या हाताला लोणी लावत बसली होती. सोनीला विचारले, दुसरा मुलगा पाहायचा का. म्हणाली, "मालक, आधी हात बरे होऊ द्या." होही नाही, नाहीही नाही.

पंच काय म्हणाले ते लिहितो. सभेनंतरच्या चार वर्षांत जातीत तीन पाट लागले. दोन धारेत, एक देवासला. धारेतला एक माझ्याच भट्टीवरच्या मजुराच्या बहिणीचा. विडा पंचांनीच दिला. मला कोणी सांगितले नाही. चुना माझ्याकडून घ्यायचा होता, उगाच कशाला वाईटपणा.

सभेतून उठताना रामजीला विचारले, तुला ठाऊक होते? म्हणाला, होते.

मग सोनीचा विडा पुन्हा का नाही दिलास?

"तू नको म्हणाला होतास ना, सख्या."

तीन पाट लागले. माझा शब्द पाळला तो एकट्या रामजीने.