धरणीमातेच्या नावाने मीटर बसवून मिळण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
पाणीपुरवठा कंपनी,
कोचाबांबा, बोलिव्हिया.

विषय: विहिरीची सगळ्यात मोठी ग्राहक नोटिशीतून सुटली आहे, त्याबाबत.
संदर्भ: मीटर न बसवल्याबद्दल येत्या सोमवारी आमच्या विहिरीला कुलूप ठोकण्याची आपली नोटीस.

महोदय,

मी सेवेरो कोंदोरी, राहणार सांता रुफिना टेकडी. बायको बासिलिया मक्याची चिचा आंबवते, मी ती विकतो आणि चाखतो. वस्तीच्या वतीने अर्ज करतो की,

१. सरकारने शहराचं पाणी आपल्या कंपनीला दिलं. दिलं तर दिलं. पण ही विहीर सरकारची कधी नव्हतीच. आम्ही चव्वेचाळीस घरांनी रविवारी रविवारी, पाळीपाळीने खणली. जो झोपून राहिला त्याच्या दारात बाया पातेली बडवायच्या.

२. मंगळवारी आपले निरीक्षक डॉन फेलिसियानो मीटर घेऊन आले. उन्हाचे आले म्हणून बासिलियाने चिचेचा वाडगा दिला. त्यांनी सवयीने पहिला घोट जमिनीवर ओतला.
"हा कुणाला, साहेब?"
"पाचामामाला. धरणीमातेला दिल्याशिवाय कोण पितं, बाई?"
"मग मीटर तिलाच लावा की! अख्ख्या वस्तीत सगळ्यात जास्त तीच पिते."
"माझी नोकरी आहे हो, बाई."
"आणि आमची तहान आहे."
साहेब तीन वाडगे पिऊन गेले, मीटर इथेच विसरले. त्यावर सध्या आमची कोंबडी बसते.

३. नोटिशीप्रमाणे जमिनीखालचं पाणी वापरणारा प्रत्येक जण ग्राहक. नियम सगळ्यांना सारखा हवा. तरी धरणीमातेच्या नावाने मीटर बसवावं. पत्ता सोपा आहे, आपल्या खुर्चीखालीही तीच आहे. ऐकत नसेल तर तिलाही कुलूप ठोकावं. किल्ली कुठे ठेवणार तेवढं कळवावं.

४. चेष्टा पुरे. आमच्या टेकडीवर आपला एकही नळ नाही. विहीर बंद झाली तर शेजारच्या निकोलासाबाई, वय एक्याऐंशी, पाण्यासाठी अर्धी टेकडी उतरतील, पण घागर घेऊन वर येणार नाहीत. साहेब, मी धंदेवाला माणूस. माझी चिचा आवडली नाही तर लोक पलीकडच्या गुत्त्यावर जातात, म्हणून ते गिऱ्हाईक. निकोलासाबाई कुठे जाणार? त्यांना गिऱ्हाईक म्हणू नका.

सबब नोटीस मागे घ्यावी. नाहीच घेतली तर सोमवारी आपल्या माणसांनी कुलूप जरा मोठं आणावं. विहिरीच्या तोंडावर आम्ही चव्वेचाळीस घरं बसलेली असू, पोराबाळांसकट.

आपला नम्र, पण जागचा न हलणारा,
सेवेरो कोंदोरी
दि. ११ फेब्रुवारी २०००